यूरी लोटमन : एस्टोनियन म्हणायचे की रशियन? (आणि वाचायला सुरुवात कुठून करायची)

शाईचा डाग (धागाकर्ता)
संदर्भकोश चाळले की यूरी लोटमन यांच्या नावापुढे एकीकडे ‘एस्टोनियन साहित्य-अभ्यासक’ दिसते, दुसरीकडे ‘रशियन’, तिसरीकडे ‘सोव्हिएत’. जन्म २८ फेब्रुवारी १९२२, पेत्रोग्राद (पुढचे लेनिनग्राद). घर ज्यू, वडील वकील, आई दंतवैद्य. शिक्षण लेनिनग्राद विद्यापीठात. लेखन रशियनमध्ये आणि विषय कोण, तर रादिश्चेव, करमझीन, पुश्किन. म्हणजे एस्टोनियाचा संबंध एवढाच की १९५० पासून १९९३ पर्यंत नोकरी आणि घर तार्तूत होते. माझे मत असे की हा शिक्का पत्त्यावरून मारलेला आहे, त्याला फारसा अर्थ नाही. जाणकारांनी खोडून काढावे.
दुसरा प्रश्न : चिन्हमीमांसेची (सेमिऑटिक्स, चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास) पार्श्वभूमी नसलेल्याने लोटमन वाचायचे तर पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

चौथी सीट
शिक्का पत्त्यावरून नाही मारायचा तर कशावरून? पासपोर्टावरून म्हणाल तर त्या काळी सगळेच सोव्हिएत.

तळटीप
पत्ता बदलला कसा ते पाहिले तर पत्त्यालाही अर्थ आहे. लोटमन १९३९ मध्ये लेनिनग्रादला भाषाशास्त्र विभागात दाखल झाले. शिकवणारे कोण? प्रॉप, गुकोव्स्की, तोमाशेव्स्की, झिरमुन्स्की, आयखेनबाउम. १९४० मध्ये सैन्यभरती, तोफखाना, दूरध्वनीच्या तारा टाकायच्या आणि तुटल्या की जोडायच्या हे काम, बर्लिनपर्यंत गेले. १९४६ मध्ये सुटका झाल्यावर शिक्षण पुन्हा सुरू. विद्यार्थी असतानाच द्मित्रिएव्ह-मामोनोव्हच्या गुप्त ‘रशियन सरदार’ मंडळाचा एक मसुदा त्यांनी हस्तलिखितांतून शोधून काढला. डिसेंब्रिस्टांच्या (१८२५ मध्ये झारविरुद्ध उठाव करणाऱ्यांच्या) इतिहासात तो कागद महत्त्वाचा.

एवढे सगळे करून १९५० मध्ये उत्तम गुणांनी पदवी, आणि लेनिनग्रादमध्ये नोकरी नाही. ‘विश्वनागरिकांविरुद्ध’, म्हणजे मुख्यतः ज्यूंविरुद्ध, मोहीम चालू होती आणि सोव्हिएत अर्जातला पाचवा रकाना राष्ट्रीयतेचा असे. त्यात ‘ज्यू’ लिहिलेले असले की अर्ज ऐकून घेतला जाई आणि जागा नेमकी कालच भरलेली असे. त्यांचे गुरू गुकोव्स्की १९४९ मध्ये पकडले गेले आणि १९५० मध्ये कोठडीतच वारले. अशा वेळी तार्तूच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत रशियन साहित्य शिकवणारा हवा आहे असे कळले. फोनवर बोलणे झाले आणि ते गेले. १९५४ पासून विद्यापीठात डोसेंट (सहयोगी प्राध्यापक), १९६० मध्ये रशियन साहित्य विभागाचे प्रमुख, १९६१ मध्ये डॉक्टरेट (लेनिनग्रादलाच), १९६३ मध्ये प्राध्यापक.

उलटा अवग्रह
या गोष्टीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. ‘एस्टोनियन साहित्य-अभ्यासक’ म्हटल्यावर आधी आठवायला हवेत गुस्ताव सुइट्स आणि आंट्स ओरास. सुइट्स हे तार्तूत एस्टोनियन साहित्याचे पहिले प्राध्यापक, स्वतः मोठे कवी. १९४४ मध्ये देश सोडला, १९५६ मध्ये स्टॉकहोमला वारले. ओरास इंग्रजीचे प्राध्यापक. १९४३ मध्ये स्वीडन, पुढे इंग्लंड, तिथून फ्लोरिडा विद्यापीठ. एलिझाबेथकालीन नाटकांच्या ओळीत विराम नेमका कितव्या स्थानी पडतो हे मोजून त्यांनी १९६० मध्ये पुस्तक केले. साहित्यात मोजमाप तार्तूत लोटमनांनी आणले अशी समजूत असणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

आणि १९५० साल हे लोटमनांसाठी सुटकेचे असेल, एस्टोनियासाठी मार्च १९५० म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचे ते कुप्रसिद्ध आठवे अधिवेशन. त्यानंतर ‘बूर्ज्वा राष्ट्रवादी’ म्हणून विद्यापीठातून माणसे काढली. त्याच शरद ऋतूत लेनिनग्रादहून माणूस येतो आणि आपण म्हणतो, तार्तूने आश्रय दिला. रिकाम्या केलेल्या घरातला आश्रय होता तो.

तळटीप
@उलटा अवग्रह, तारखा बरोबर, जोडणी चुकीची. लोटमन कोणा काढून टाकलेल्या एस्टोनियन प्राध्यापकाच्या खुर्चीत बसले नाहीत. शाळांमधून रशियन शिकवणे वाढवले गेले होते, त्यासाठी शिक्षक हवे होते, आणि तेवढे रशियन शिकलेले लोक तिथे नव्हते. जागा त्यातून तयार झाली. ही मागणीही सोव्हिएत धोरणातूनच आली, हे मान्य. पण ‘काढून टाकलेल्याची जागा’ आणि ‘नव्याने लागलेली जागा’ यांत फरक करायला हवा.

उलटा अवग्रह
फरक मान्य. घर रिकामे केले हे मात्र राहतेच.

मोजपट्टी
मूळ प्रश्नाकडे. तार्तू नसते तर लोटमन ‘लोटमन’ झाले नसते, असे माझे म्हणणे आहे, आणि कारण भावनिक नाही, छपाईचे आहे.

सोव्हिएत व्यवस्थेत प्रत्येक विद्यापीठाला ‘विद्वत्-टिपणे’ नावाची मालिका छापता येई. तार्तूची अशी मालिका होती आणि तिच्यातच लोटमनांनी आपली मालिका घुसवली. ‘चिन्हव्यवस्थांविषयीची कामे’ या मालिकेचा पहिला खंड १९६४ चा, लोटमनांचीच ‘संरचनात्मक काव्यशास्त्रावरील व्याख्याने’. तोच विद्वत्-टिपणांचा अंक १६०. म्हणजे एकाच पुस्तकाला दोन क्रमांक. परवानगीचे कागद तार्तू-तालिनमध्येच फिरत, मॉस्कोच्या प्रकाशनगृहातल्या संपादक मंडळांच्या चाळणीतून जावे लागत नसे. सेन्सॉर होताच, पण तो परिघावरचा. त्यात १९५१ ते १९७० या काळात कुलगुरू फ्योदोर क्लेमेंत. स्वतः पदार्थवैज्ञानिक आणि पक्षाचा माणूस, तरी या विभागाला त्यांनी आडकाठी केली नाही, उलट पाठीशी राहिले.

दुसरी गोष्ट जागेची. ऑगस्ट १९६४ मध्ये पहिली ‘उन्हाळी शाळा’ भरली ती केअरिकूला, ओतेपेअजवळच्या विद्यापीठाच्या क्रीडा-तळावर. तलावाकाठी, झाडीत. मॉस्कोहून व्याचेस्लाव इवानोव्ह, तोपोरोव्ह, प्यातिगोर्स्की, रेव्झिन अशी मंडळी आली. नियम एवढाच की बोलणाऱ्याला मध्येच कोणीही थांबवू शकतो. त्यामुळे निबंधवाचन दहा मिनिटांत वादाकडे वळे. याच गटाला पुढे तार्तू-मॉस्को संप्रदाय म्हणू लागले. १९६६ च्या शाळेला अमेरिकेत स्थायिक झालेले भाषावैज्ञानिक रोमान याकोब्सन आले होते. तार्तू तेव्हा परदेशी माणसांना बंद शहर, कारण शेजारी राआदीला बॉम्बफेकी विमानांचा तळ. त्या शहरात याकोब्सन पोचणे म्हणजे केवढे लचांड असेल.

चौथी सीट
या शाळेचे अधिकृत नाव ‘दुय्यम प्रतिमानक व्यवस्थांविषयीची उन्हाळी शाळा’. हे वाचून कुठल्याही सेन्सॉरला झोपच येईल. एखाद्या शासन निर्णयाचा मथळा वाटतो.

मोजपट्टी
@चौथी सीट, झोप यावी हाच हेतू होता. १९६२ च्या डिसेंबरात मॉस्कोत चिन्हव्यवस्थांवर परिसंवाद झाला, त्यावर टीकेची झोड उठली आणि ‘चिन्हमीमांसा’ हा शब्दच अंगावर येऊ लागला. तेव्हा गणिती व्लादिमीर उस्पेन्स्की यांनी हा पर्याय सुचवला. (बोरिस उस्पेन्स्की वेगळे. ते लोटमनांचे सहलेखक आणि यांचे धाकटे भाऊ. तळटिपांत दोघांची अदलाबदल सर्रास होते.) गंमत म्हणजे पळवाट म्हणून आलेला शब्द पुढे खराच उपयोगी ठरला : नैसर्गिक भाषा ही जगाचे प्राथमिक प्रतिमान, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या साहित्य, मिथक, धर्म या दुय्यम व्यवस्था.

पोटमाळा
तार्तूचे चित्र जरा फारच हिरवेगार रंगवले जात आहे. जानेवारी १९७० मध्ये लोटमनांच्या घराची केजीबीने झडती घेतली, राजवटविरोधी कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया यांच्या प्रकरणात. १९७७ मध्ये विभागप्रमुखपद गेले. त्याच वर्षी ब्रिटिश अकादमीने त्यांना परदेशस्थ (कॉरस्पाँडिंग) सदस्य करून घेतले, पण परदेशी जायला परवानगी नाही. पश्चिमेत पुस्तके निघत आहेत, एकावर एक भाषांतरे होत आहेत, आणि लेखक साठी ओलांडेपर्यंत त्या बाजूला पाऊल टाकू शकत नाही. प्यातिगोर्स्की १९७४ मध्ये देश सोडून गेले, इतरही काही गेले. केअरिकूच्या शाळाही दहा वर्षांत आटल्या. ‘परिघावरचे स्वातंत्र्य’ वगैरे ठीक, पण त्याचे भाडे भरावे लागत होते.

गव्हाची पिशवी
झारा मिंट्स यांचे नाव अजून कसे आले नाही? १९५१ मध्ये लोटमनांशी लग्न, त्याच विभागात अध्यापन, कवी अलेक्सान्द्र ब्लोक आणि रशियन प्रतीकवाद हा विषय. १९६२ ची ब्लोक परिषद आणि १९६४ पासूनचे ‘ब्लोक-संग्रह’ हे त्यांचे काम. त्या काळी प्रतीकवादावर गंभीर काम करणे हे संरचनावादापेक्षा कमी जोखमीचे नव्हते. या दोघांना वेगळे काढून विभागाचा इतिहास लिहिताच येत नाही.

शाईचा डाग
सगळ्यांचे आभार, पण दुसरा प्रश्न अनाथ पडला आहे. कोणते पुस्तक?

कंदील
सिद्धान्त बाजूला ठेवा आणि पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्य-कादंबरीवरचे १९८० चे भाष्य घ्या. शिक्षकांसाठी लिहिलेले मार्गदर्शक आहे, त्यामुळे भाषा सरळ. सुरुवातीला त्या काळच्या सरदारांचे जगणे : जमीनदारी आणि कर्जे, शिक्षण, नाच, द्वंद्व, गाड्या-रस्ते. मग कादंबरीच्या ओळींवर टिपणे.

द्वंद्वाचा भाग नमुन्यादाखल. आपण कादंबरी वाचतो तेव्हा अनेगिनने लेन्स्कीला मारले एवढेच कळते. लोटमन लेन्स्कीच्या साक्षीदाराकडे, झारेत्स्कीकडे, बोट दाखवतात. साक्षीदाराचे पहिले कर्तव्य समेटाचा प्रयत्न. झारेत्स्की आव्हानाची चिठ्ठी देतो, ‘तयार आहे’ एवढे उत्तर घेतो आणि लगेच उठतो. आदल्या दिवशी दोन्हीकडच्या साक्षीदारांनी भेटून अटी ठरवायच्या असतात, ती भेटच नाही. अनेगिन उशिरा उठतो आणि तासाहून जास्त उशिरा पोचतो. नियम पाव तास वाट पाहण्याचा, त्यानंतर द्वंद्व रद्द धरता आले असते. वर अनेगिन साक्षीदार म्हणून कोणाला आणतो, तर गिलो या पगारी फ्रेंच नोकराला. सरदाराच्या समोर नोकर उभा करणे हा झारेत्स्कीचा उघड अपमान, आणि तो ओठ चावून गप्प बसतो. म्हणजे थांबवायच्या निदान चार संधी, चारही सोडल्या.

आता पावले मोजा. बत्तीस पावलांवर दोघे उभे. दोघेही चार-चार पावले पुढे येतात, मग अनेगिन चालता चालता पिस्तूल उचलतो, आणखी पाच-पाच पावले, आणि गोळी. नऊ दुणे अठरा, उरली चौदा. अजून कोणीही आपल्या मर्यादारेषेपाशी (जिच्यापुढे जायचे नाही) पोचलेला नाही, म्हणजे दोन रेषांमधले अंतर चौदाहूनही कमी ठरवले होते. अटी जीवघेण्याच. पण ज्याला मारायचेच आहे तो आधी गोळी झाडत नाही. तो समोरच्याची गोळी वाया जाऊ देतो, मग त्याला रेषेपर्यंत बोलावतो आणि थांबलेल्या माणसावर नेम धरतो. अनेगिन लांबून, चालता चालता, पहिली गोळी झाडतो. लोटमनांचा निष्कर्ष : हे मारू इच्छिणाऱ्याचे वागणे नव्हे. नको असलेल्या गोष्टीत विधी माणसाला ओढत नेतो. ‘वर्तनाची चिन्हमीमांसा’ हा शब्दही न उच्चारता ती इथे शिकून होते.

उलटा अवग्रह
कंदील यांना दंडवत. हा प्रतिसाद वाचल्यावर पुस्तक घेणार.

रेघोटी
थोडी असहमती. भाष्याचा पूर्ण उपयोग रशियन येणाऱ्यालाच होतो. आपल्याकडचा बहुतेक वाचक इंग्रजीतून वाचणार. त्याच्यासाठी १९७२ चे ‘काव्यसंहितेचे विश्लेषण’ (इंग्रजी १९७६) बरे. अर्धे पुस्तक सिद्धान्त, अर्धे एकेका कवितेचे विश्लेषण. त्यातली रीत मराठी कवितेवरही चालवून पाहता येते. साधारण क्रम असा :

आधी कवितेत काय काय पुन्हा येते ते पाहायचे. ध्वनी, लयीचे गट, यमक, व्याकरणाची रूपे (सर्वनामे आणि क्रियापदांचे काळ सर्वांत आधी, तिथे हमखास काही सापडते), शब्दक्षेत्रे, ओळी-कडव्यांची मांडणी. प्रत्येक पातळी वेगळी. मग जे पुन्हा आले ते नेमके कुठे वेगळे आहे ते पाहायचे. यमक दोन शब्द शेजारी आणून बसवते, आणि ध्वनी सारखा असल्यामुळे अर्थातला फरक डोळ्यांवर येतो. शेवटी एका पातळीवरची विभागणी दुसरीशी जुळते की आपटते ते पाहायचे. आपटण्याच्या जागी अर्थ दाट असतो.

चूक कुठे होते? लोक पहिल्या पायरीवर तक्ता भरतात आणि थांबतात. ‘पहिल्या कडव्यात आकार सतरा वेळा’, बरे मग? मोजणी हे साधन आहे, निकाल नाही. दुसरी चूक म्हणजे जे कवितेत नाही ते न पाहणे. लोटमन त्याला ‘वजा-युक्ती’ म्हणतात. मोठ्या अभंगात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक कानाला अपेक्षित असते. त्याच चालीवर लिहिताना कवीने ते मुद्दाम टाळले तर ती गैरहजेरीही ऐकू येते. गद्यात तेच यमक नसले तर काहीच ऐकू येत नाही. म्हणजे शून्याची किंमत अपेक्षेवर ठरते, आणि अपेक्षा कवितेबाहेर, परंपरेत असते. संहिता एकटी घेऊन बसणाऱ्या संरचनावादापासून लोटमन इथेच वेगळे होतात.

मोजपट्टी
रेघोटी यांच्या प्रतिसादात भर. १९७० च्या ‘कलात्मक संहितेची संरचना’ या पुस्तकात गणिती कोल्मोगोरोव्ह यांचा एक सुंदर युक्तिवाद घेतला आहे. भाषेच्या क्षमतेचे दोन भाग करा. पहिला : ठरावीक लांबीत किती वेगवेगळे अर्थ सांगता येतात. दुसरा : एकच अर्थ किती पर्यायी रीतींनी सांगता येतो. छंद आणि यमक यांची बंधने या दुसऱ्या भागातून खर्च होतात. बंधनांचा खर्च दुसऱ्या भागापेक्षा कमी असेल तरच पद्य शक्य. ज्या कृत्रिम भाषेत एका अर्थाला एकच चिन्ह आहे, तिच्यात दुसरा भाग शून्य, म्हणून त्या भाषेत कविता होणार नाही.

लोटमनांची भर अशी की वाचकाच्या बाजूने हिशेब बदलतो. कवीला जे केवळ पर्याय होते ते वाचकाला पर्याय वाटत नाहीत. त्याला तोच शब्द अटळ वाटतो. त्यामुळे दुसरा भागही अर्थ वाहू लागतो.

चौथी सीट
म्हणजे समानार्थी शब्दकोश जाडा असेल तरच यमक जुळते. हे आपल्या दिवाळी अंकांतल्या कवींना कळवायला हवे, त्यांचा दुसरा भाग कधीच संपलेला आहे.

पोटमाळा
:)

आडवा बोळ
लोटमनांच्या ‘सेमिओस्फियर’ या संज्ञेला मराठीत काय म्हणावे? ‘चिन्हविश्व’ आणि ‘चिन्हगोल’ हे दोन्ही शब्द सुचतात, दोन्ही पटत नाहीत.

तळटीप
‘चिन्हावरण’. लोटमनांनी हा शब्द भूवैज्ञानिक वेर्नाद्स्कीच्या जीवावरणाच्या धर्तीवरच घडवला आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण आहेतच, त्याच पंगतीत हा बसतो. ‘गोल’ म्हटले की आकार डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘विश्व’ म्हटले की सीमा नाहीशी होते, आणि सीमा हा तर त्या कल्पनेचा कणा.

लेख १९८४ चा, ‘चिन्हव्यवस्थांविषयीची कामे’च्या खंड १७ मधला, विद्वत्-टिपणांचा अंक ६४१. मुद्दा असा : आधी एक चिन्ह, मग त्यांची भाषा, मग संस्कृती असे खालून वर बांधत जाता येत नाही. मांसाचे तुकडे जोडून वासरू होत नाही, वासराचे तुकडे मात्र होतात, ही उपमा त्यांचीच. आधी सगळा अवकाश, त्यात एकेका भाषेला अर्थ. दुसरी उपमा संग्रहालयातल्या दालनाची : वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू, कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या लिपीतले लेख, खाली चिकटवलेली माहिती, वाटाड्याची बडबड, प्रेक्षकांनी कुठून जायचे त्याचे नियम, आणि स्वतः प्रेक्षक. हे सगळे मिळून एक यंत्रणा. मध्यभागी नियम घट्ट, कडेला सैल. सीमेवर भाषांतर चालते. बाहेरचे आत येताना आतल्या भाषेत बदलते.

आडवा बोळ
चिन्हावरण. घेतला.

रेघोटी
अवांतर : लोटमनांच्या मालिकेला भारताशी धागा आहे. प्यातिगोर्स्की मुळात तमिळचे अभ्यासक, १९६० च्या तमिळ-रशियन कोशाचे सहकर्ते. तोपोरोव्ह यांनी धम्मपदाचे रशियन भाषांतर केले. खुद्द तार्तूत लिन्नार्त मेअल होते. त्यांचा बौद्ध विचारातल्या शून्यावरचा लेख मालिकेच्या दुसऱ्या खंडात (१९६५) आहे. १९७७ मध्ये त्यांनी धम्मपद आणि १९८० मध्ये भगवद्गीता एस्टोनियनमध्ये आणली. वर ‘वजा-युक्ती’त शून्याची किंमत निघाली होती, त्याच सुमारास त्याच शहरात दुसरा माणूस शून्यता वाचत होता. संबंध जोडत नाही, शेजार दाखवतो.

गव्हाची पिशवी
अवांतराला अवांतर : तार्तूचे जुने जर्मन नाव दोर्पात. तिथेच जन्मलेले आणि तिथेच शिकवणारे लेओपोल्ड फॉन श्रोएडर यांनी १८८१ ते १८८६ या काळात मैत्रायणी संहिता संपादून छापली. ही यजुर्वेदाची शाखा जिवंत राहिली ती नाशिक-नंदुरबारकडच्या घराण्यांत. तेव्हा दोर्पात आणि खानदेश ही गाठ लोटमनांच्या कितीतरी आधीची.

शाईचा डाग
अवांतर आवडले. पण शेवटची वर्षे राहिली.

पोटमाळा
थोडक्यात. परदेशप्रवास खुला झाला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. १९८९ मध्ये म्यूनिखला असताना मेंदूचा झटका, त्यानंतर वाचणे अवघड, लेखन सांगून लिहून घेणे. २५ ऑक्टोबर १९९० ला बेर्गामोत झारा मिंट्स गेल्या. १९९२ मध्ये ‘संस्कृती आणि स्फोट’, तेही सांगून लिहिलेले. त्याच वर्षी तार्तूत चिन्हमीमांसेचा स्वतंत्र विभाग. २८ ऑक्टोबर १९९३ ला मृत्यू. दफन राआदी स्मशानभूमीत. हो, तेच राआदी, ज्या तळामुळे शहर बंद होते.

‘स्फोट’मधला शेवटचा विचार असा : रशियन संस्कृती दोन टोकांची, जुने सगळे जाळून नवे उभारू म्हणणारी. पश्चिम युरोपीय संस्कृतीत तिसरी जागा असते, त्यामुळे स्फोट झाला तरी सगळे थर उडत नाहीत. १९९१ नंतर रशियाला त्या वाटेने जायची संधी आहे आणि ती हुकली तर ऐतिहासिक आपत्ती. हे रशियनमध्ये, रशियन वाचकाला उद्देशून, स्वतंत्र एस्टोनियात बसून सांगितलेले आहे.

आडवा बोळ
मग मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच सिद्धान्तात आहे की. सीमेवरचा माणूस दोन्ही बाजूंचा असतो. लोहार, गिरणीवाला, मांत्रिक हे गावाच्या कडेला राहतात, असे ते लिहितातच. लोटमन म्हणजे सीमा.

उलटा अवग्रह
इतके सोपे नको हो. ज्याने सीमेवर लिहिले त्याला सीमा म्हणायचे, हे शब्दांचे कोडे झाले. उद्या विहिरीवर लिहिणाऱ्याला विहीर म्हणाल. ठोस काही द्या.

मोजपट्टी
ठोस घ्या. एक, चित्रपटाच्या चिन्हमीमांसेवरचे पुस्तक १९७३ मध्ये तालिनला निघाले. दोन, एस्टोनियन माध्यमाच्या शाळांतल्या नववीसाठी रशियन साहित्याचे पाठ्यपुस्तक (१९८२) त्यांनी लिहिले. बाहेरून पाहणाऱ्या मुलाला पुश्किन कसा सांगायचा, हा त्याचा प्रश्न. लेनिनग्रादमधल्या प्राध्यापकाला तो पडलाच नसता. तीन, ‘रशियन संस्कृतीविषयी संवाद’ ही दूरदर्शन-व्याख्याने १९८६ पासून एस्टोनियन टीव्हीने केली. चार, १९९० मध्ये एस्टोनियाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व. पाच, मुलगा मिहाइल चिन्हमीमांसक आणि एस्टोनियन संसदेचा सदस्य झाला.

रशियन साहित्याचा अभ्यासक, एस्टोनियाचा विद्वान. ‘चा’ कशाला लावायचा एवढाच प्रश्न आहे.

उलटा अवग्रह
हे पटले. मात्र सुइट्स आणि ओरास यांची नावे त्या यादीत लोटमनांच्या वर राहू द्या.

शाईचा डाग
माझा ‘पत्त्याचा शिक्का’ मागे घेतो. नोंदीत ‘तार्तू येथील रशियन साहित्याचे अभ्यासक व चिन्हमीमांसक’ असे लिहीन. पुस्तक कंदील यांचे आधी, रेघोटी यांचे नंतर.

तळटीप
ग्रंथालयात शोधताना : रोमन लिपीत नावाची सुरुवात कुठे ‘जे’ने, कुठे ‘वाय’ने, कुठे ‘आय-यू’ने केलेली असते, त्यामुळे नुसते आडनाव टाका. एस्टोनियनमध्ये ‘यू’वर दोन टिंबे असलेले एक नेहमीचे नाव आहे, त्याच्याशी गल्लत करून टिंबे देतात, ती चूक. यांच्या नावावर टिंबे नाहीत. मालिकेचे खंड मिळाले नाहीत तर विद्वत्-टिपणांच्या अंक-क्रमांकाने शोधा : खंड १ साठी १६०, खंड १७ साठी ६४१. बरीच ग्रंथालये नोंद त्याच क्रमांकावर करतात. १९९२ पर्यंत पंचवीस खंड रशियनमध्ये, १९९८ पासून सव्विसावा आणि पुढचे इंग्रजीत. चिन्हावरणाच्या लेखाचे इंग्रजी भाषांतर २००५ च्या खंड ३३ मध्ये आहे.

चौथी सीट
इंग्रजी ‘जे’ पाहून मराठीत ‘ज्युरी लोटमन’ लिहिणाऱ्यांचे काय करायचे? आणि तार्तू की टार्टू?

तळटीप
‘जे’चा उच्चार तिथे ‘य’, म्हणून यूरी. एस्टोनियन ‘त’ आपल्या ‘त’च्या जवळचा, म्हणून तार्तू. शेवटचा उकार तिकडे ऱ्हस्व आहे, पण मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घच लिहायचा, तेव्हा तो तसाच राहू द्या.